कुरव ओळखताना: पिसे आणि पीसगळ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा सुरू झाला की अलिबाग, रत्नागिरी, मालवण, मोरजी आणि भिगवणहून कुरवांचे (इंग्रजीत गल) फोटो येऊ लागतात. खाली बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: ‘हा कोणता?’ त्या दोन शब्दांच्या मागोमाग जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. आमचा हट्ट एकच: आधी महिना बघा, मग पक्ष्याचे वय ठरवा, जातीकडे त्यानंतर या. बहुतेक घोळ हा क्रम उलटा केल्यानेच होतात.

१. कुरव आणि सुरय यांत फरक काय? दोन्ही पांढरे-करडेच दिसतात.

सुरय (इंग्रजीत टर्न) सडपातळ असतो. त्याची चोच सुईसारखी सरळ, पंख अरुंद आणि शेपटी बहुधा दुभंगलेली असते. तो हवेतून मान खाली घालून मासा शोधतो आणि पाण्यावर सूर मारतो. कुरव अंगाने भरलेला असतो, त्याच्या चोचीचे टोक खाली वळलेले असते, पंख रुंद असतात आणि तो बदकासारखा पाण्यावर निवांत तरंगतो. पाण्यावर बराच वेळ बसून राहिलेला पक्षी जवळजवळ नेहमी कुरवच निघतो. मोठा सुरय मात्र फसवतो: कॅस्पियन सुरयाची लालभडक, जाड चोच पाहून अनेक जण त्याला कुरवांत टाकतात. शेपटी आणि काळी टोपी पाहिली की शंका मिटते.

२. आपल्या किनाऱ्यावर कोणकोणते कुरव येतात?

रोजचे दोन: तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. त्यांच्यासोबत कमी संख्येने बारीक चोचीचा कुरव दिसतो. उत्तरेकडे, गुजरातच्या किनाऱ्यावर, तो बराच जास्त आहे. मोठ्यांमध्ये पल्लासचा कुरव आणि ह्यूग्लिनचा कुरव, आणि ह्यूग्लिनच्या आसपासचे डोकेदुखी देणारे स्टेप आणि कॅस्पियन (प्रश्न ९).

हे सगळे पाहुणे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, मार्च-एप्रिलमध्ये निघतात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंचावरच्या तलावांवर, म्हणजे त्सो मोरिरी, त्सो कारसारख्या ठिकाणी वीण करतो. ह्यूग्लिनचा थेट उत्तर रशियाच्या टुंड्रातून येतो. समुद्र लागतोच असे नाही: उजनीच्या पाण्यावर भिगवणजवळ दोन्ही छोटे कुरव आणि पल्लासचाही दिसतो.

३. पीसगळ म्हणजे नेमके काय, आणि ओळखीशी तिचा काय संबंध?

पीस ही मृत वस्तू आहे. ऊन, वाळू आणि खारे पाणी यांनी ते झिजते आणि विटते, म्हणून पक्षी जुने पीस टाकून नवे आणतो. कुरवांमध्ये प्रौढ पक्षी वर्षात दोनदा हे करतात. वीण आटोपताना पूर्ण पीसगळ सुरू होते. त्यात अंग, शेपटी आणि उडण्याची पिसे सगळी बदलतात. मग साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अर्धवट पीसगळ होते. तेव्हा फक्त डोक्याची आणि अंगाची पिसे बदलतात, पंखांची मोठी पिसे तशीच राहतात.

ओळखीला याचा उपयोग दोन तऱ्हेने होतो. डोक्याचा रंग वर्षात दोनदा बदलतो, त्यामुळे तो पुरावा म्हणून कच्चा आहे. पंखाच्या टोकाची नक्षी मात्र वर्षभर तीच राहते. आणि पंखाची पिसे कोणत्या महिन्यात बदलत आहेत, हे जातीनुसार वेगळे असते. मोठ्या कुरवांमध्ये तर हेच वेळापत्रक कधी कधी रंगापेक्षा जास्त सांगून जाते.

पुढे ‘प्रायमरी’ हा शब्द वारंवार येईल. पंखाच्या टोकाकडची ही दहा लांब पिसे. मोजणी आतून बाहेर: मनगटाच्या सांध्याजवळचे पहिले, सर्वांत बाहेरचे दहावे. कुरव ती याच क्रमाने, दोन्ही पंखांत जवळजवळ एकाच वेळी टाकतो.

४. वय कसे ओळखायचे?

छोट्या कुरवांचे सोपे आहे. ते दुसऱ्या हिवाळ्यात जवळजवळ प्रौढ दिसतात, म्हणून हिवाळ्यात आपल्याला दोनच वयोगट भेटतात. पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्याच्या पंखावर तिरका तपकिरी पट्टा असतो, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असते, चोच-पाय फिकट नारिंगी असतात. प्रौढाची पाठ आणि पंख स्वच्छ करडे, शेपटी पूर्ण पांढरी, चोच-पाय लाल.

मोठ्या कुरवांना प्रौढ व्हायला साधारण चार वर्षे लागतात. पहिल्या वर्षी सगळा पक्षी तपकिरी ठिपक्यांचा. दुसऱ्या वर्षी पाठीवर करडी पिसे उगवू लागतात. तिसऱ्या वर्षी जवळजवळ प्रौढ, पण शेपटीत किंवा चोचीवर काळे उरलेले. पिसांचा आकारही मदत करतो: पिल्लूपणीच्या प्रायमरी टोकदार आणि एकसारख्या तपकिरी-काळ्या असतात, प्रौढाच्या टोकाशी गोलसर आणि ताज्या असताना पांढऱ्या टिकलीच्या. ‘पहिला हिवाळा’ म्हणजे नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात जन्मलेला पक्षी, हे लक्षात ठेवले की गोंधळ कमी होतो.

५. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी आणि कानामागे काळा ठिपका. मग तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव वेगळे कसे करायचे?

डोक्याकडे बघणे सोडा. पंख उघडायची वाट पाहा.

तपकिरी डोक्याच्या प्रौढाचे पंखटोक रुंद आणि काळेभोर असते आणि त्या काळ्यात दोन ठळक पांढरे डाग असतात. हे डाग म्हणजे ‘मिरर’, बहुधा नवव्या आणि दहाव्या प्रायमरीवर. काळ्या टोकाच्या मागे एक मोठा पांढरा भाग असतो आणि मग करडा पंख सुरू होतो. काळ्या डोक्याच्या प्रौढाला मिरर नसतात. त्याच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत लांब पांढऱ्या पाचरीसारखी दिसते आणि काळे फक्त पिसांच्या अगदी टोकांना, बारीक किनार म्हणून उरते. ही पांढरी पाचर लांबून, लाँचच्या डेकवरूनही कळते.

बसलेल्या पक्ष्यात डोळा बघा. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळे फिकट असतात, त्यामुळे तो टक लावून बघतोय असे वाटते. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद आणि चेहरा सौम्य. तपकिरी डोक्याचा किंचित मोठा आणि जाड चोचीचा असतो, पण हा फरक दोघे शेजारी उभे असतील तेव्हाच वापरा. आणि डोळ्याचा रंग लहान पिल्लांत चालत नाही: पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचाही डोळा गडद असू शकतो.

६. त्यांची पिल्ले वेगळी कशी करायची? पहिल्या हिवाळ्यात तर मिररही नसतात.

खरे आहे, आणि सर्वांत जास्त फोटो याच पक्ष्यांचे येतात. तपकिरी डोक्याच्या पिल्लाच्या बाहेरच्या प्रायमरी टोकापासून बऱ्याच आतपर्यंत सलग काळ्या असतात, त्यामागे पांढरा भाग. काळ्या डोक्याच्या पिल्लातही पांढरी पाचर असतेच, पण मळकी: बाहेरच्या पिसांवर काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा दिसतात. ‘सलग काळे की रेघा’ एवढा एकच प्रश्न विचारा. मिटलेल्या पंखांच्या फोटोवरून आम्ही पिल्लांची जात सहसा सांगत नाही, आणि कोणी ठामपणे सांगितली तर जरा जपून घ्या.

७. मार्चमध्ये डोके चॉकलेटी झालेला कुरव दिसला. म्हणजे तो तपकिरी डोक्याचाच ना?

नाही, निदान एवढ्यावरून नाही. विणीच्या पेहरावात दोघांचेही डोके तपकिरीच होते. काळ्या डोक्याच्या कुरवाचे हुड, म्हणजे विणीच्या काळात डोक्यावर येणारी गडद टोपी, गडद चॉकलेटी असते, उन्हात स्पष्ट तपकिरी आणि सावलीत काळे भासते. तपकिरी डोक्याच्याचे हुड फिकट असते आणि त्याच्या मागच्या कडेला गडद किनार दिसते. मार्चमध्ये त्यात अर्धवट पीसगळीतले पक्षी मिसळतात: कपाळ पांढरे, गाल तपकिरी, मान ठिपक्याठिपक्यांची. अशा अर्धवट हुडचा नेमका रंग ठरवणे व्यर्थ आहे. पंखाची पिसे या पीसगळीत बदलत नाहीत, म्हणून प्रश्न ५ मधली कसोटी मार्च-एप्रिलमध्येही जशीच्या तशी लागू होते.

हुड लवकर आले म्हणजे पक्षी आजारी किंवा वेगळ्या जातीचा, असेही नाही. एकाच थव्यात एक पूर्ण हुडचा, दुसरा कोऱ्या डोक्याचा असे चित्र सर्रास दिसते. पल्लासच्या कुरवाचे हुड तर त्याहून लवकर, अनेकदा जानेवारी-फेब्रुवारीतच काळे होते.

८. बारीक चोचीचा कुरव खरंच वेगळा ओळखू येतो का?

एकदा नजर बसली की येतो. हुड त्याला कधीच येत नाही. मे महिन्यातला पूर्ण पांढऱ्या डोक्याचा प्रौढ छोटा कुरव दिसला तर आधी याचाच विचार करा. कपाळ उतरते, चोच लांब, मान लांब. पोहताना मान ताणलेली असली की चित्र स्वच्छ होते. कानामागचा ठिपका अगदी फिका किंवा नसतोच. प्रौढाचा डोळा फिकट असतो, आणि विणीच्या काळात छातीवर गुलाबी छटा चढते.

फसगत दोन ठिकाणी होते. पंखाची पांढरी पाचर काळ्या डोक्याच्या कुरवासारखीच आहे, त्यामुळे उडत्या पक्ष्यात पंखापेक्षा डोके-मान बघा. आणि फिकट डोळा तपकिरी डोक्याच्याही कुरवाला असतो (प्रश्न ५), म्हणून फक्त डोळ्यावर निकाल देऊ नका. मान आखडून झोपलेला पक्षी? तो जागा होईपर्यंत थांबा.

९. मोठा, गडद पाठीचा कुरव. ह्यूग्लिन, स्टेप की कॅस्पियन?

हा प्रश्न सगळ्यांत अवघड, म्हणून उत्तरही लांब.

आधी पल्लासचा कुरव बाजूला काढा. तो सर्वांत मोठा असतो. चोच पिवळी, टोकाजवळ काळी पट्टी आणि लाल. हुड नसतानाही डोळ्यामागे काळसर मुखवटा आणि डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या चंद्रकोरी असतात. त्याच्या प्रौढाचे पंखटोक मुख्यतः पांढरे असते, त्यात काळी पट्टी. इतर तिघांचे काळे असते. पहिल्या हिवाळ्यातच त्याची पाठ करडी होऊ लागते आणि शेपटीच्या टोकाची काळी पट्टी कापल्यासारखी सरळ दिसते.

आता उरले तिघे. प्रौढांत पाठीचा रंग: ह्यूग्लिन सर्वांत गडद, पाटीसारखा करडा. स्टेप त्याहून थोडा फिकट. कॅस्पियन आणखी फिकट. पण फोटोत ऊन, ढग आणि कॅमेऱ्याची सेटिंग या रंगाचे काय वाटेल ते करतात. शेजारी दुसरा ओळखीचा कुरव नसेल तर फोटोतल्या करड्यावर विश्वास ठेवू नका.

इथे पीसगळ कामाला येते. कॅस्पियन कुरव काळा समुद्र-कॅस्पियनच्या बाजूला लवकर, वसंतातच वीण सुरू करतो, त्यामुळे त्याची पूर्ण पीसगळही लवकर सुरू होते. नोव्हेंबर संपताना त्याच्या बहुतेक प्रायमरी नव्या झालेल्या असतात. स्टेप कुरव उत्तर कझाकस्तान आणि नैऋत्य सायबेरियाच्या गवताळ मैदानांवरचा. तो मधल्या वेळापत्रकाचा, साधारण डिसेंबर-जानेवारीपर्यंत. ह्यूग्लिनचा टुंड्रात वीण करतो. तिथला उन्हाळा उशिरा येतो आणि छोटा असतो, त्यात पिल्ले वाढवायची आणि मग हजारो किलोमीटर उडायचे. पीसगळ मागे पडते आणि हिवाळी मुक्कामी पूर्ण होते. डिसेंबरात आपल्या किनाऱ्यावर प्रौढ ह्यूग्लिनच्या बाहेरच्या दोन-तीन प्रायमरी अजून जुन्या किंवा अर्धवट वाढलेल्या असणे अगदी स्वाभाविक आहे, आणि काहींचे काम फेब्रुवारीपर्यंत चालते.

म्हणून जानेवारीच्या मध्यात गडद पाठीच्या प्रौढाची दहावी प्रायमरी नुकती वाढत असेल, तर वजन ह्यूग्लिनकडे. त्याच दिवशी फिकट पाठीच्या पक्ष्याचे पंख पूर्ण, धारदार आणि डोके पांढरेफटक असेल, तर कॅस्पियनचा विचार करा. कॅस्पियनची इतर चिन्हे: लांब, बारीक, समांतर कडांची चोच, लहान गडद डोळा, उभट शरीर, आणि दहाव्या प्रायमरीच्या आतल्या बाजूने काळ्यात घुसणारा जिभेसारखा लांब फिकट पट्टा. ह्यूग्लिनच्या हिवाळी मानेवर मागच्या बाजूला रेघा असतात. फेब्रुवारी-मार्चपासून त्या झडतात, म्हणून उशिराच्या हंगामात हे चिन्ह वापरू नका.

स्टेप कुरव या दोघांच्या मधोमध पडतो. फक्त ‘मधला वाटतो’ म्हणून आलेली ओळख आम्ही तरी नोंदीत घेत नाही. पाठ, पंखटोक आणि पीसगळ तिन्ही एका बाजूला बोट दाखवत असतील तरच.

वेळापत्रक प्रौढांचे आहे. पिल्ले आणि दोन-तीन वर्षांचे पक्षी पीसगळ प्रौढांच्या आधी सुरू करतात, त्यांच्यावर हा नियम लावला तर निष्कर्ष हमखास चुकतो. वय आधी, असे म्हणतो ते यासाठी.

१०. यादीत ‘ह्यूग्लिन’ नावच सापडत नाही.

कारण अनेक याद्यांत ह्यूग्लिन आणि स्टेप दोघेही काळ्या पाठीच्या छोट्या कुरवाच्या (लेसर ब्लॅक-बॅक्ड गल; नावात ‘छोटा’ असला तरी हा मोठ्या कुरवांतलाच) उपजाती मानले जातात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या जातीखाली हे दोन्ही गट कंसात मिळतात. स्टेप कुरवाला पूर्वी कॅस्पियनच्या कुटुंबातही बसवले जात असे. जुनी पुस्तके चाळताना नाव वेगळे दिसले तर पक्षी वेगळा आहे असे समजू नका, आणि कोणती यादी वापरली ते नोंदीत लिहा.

११. फोटोत पंखटोक बोथट आहे आणि मिररही नाही. नवीन जात?

नवी जात मिळण्याची शक्यता फार कमी. बहुधा पक्षी पीसगळीच्या शेवटी आहे: जुनी नववी-दहावी पिसे गळली, नवी अजून पूर्ण वाढली नाहीत. मिरर तिथेच असतात, म्हणून तेही गायब. पंख आखूड आणि गोल दिसतो, आणि मोठ्या कुरवात तो दुसऱ्याच जातीसारखा भासतो. दोन्ही पंख तपासा. दोन्हीकडे सारखीच फट असेल तर पीसगळ.

याच्याच जोडीला येणारा फोटो म्हणजे पंखाच्या मधोमध पांढरा पट्टा असलेला मोठा कुरव. पंखाची मोठी आच्छादक पिसे एकदम गळली की त्याखालच्या पिसांची पांढरी मुळे उघडी पडतात. काही आठवड्यांत नवी पिसे ती झाकतात.

१२. एकाच पंखातले एकच पीस नवे आहे, तेही भलत्याच जागी. हे पीसगळीच्या क्रमात कसे बसते?

बसत नाही. ते अपघाताने, जाळ्यात अडकून किंवा भांडणात उपटले गेले असावे. उपटलेल्या पिसाच्या जागी हंगामाची वाट न पाहता नवे येते. अशा पिसावरून पीसगळीचा टप्पा ठरवू नका.

१३. मे-जूनमध्ये एक विटका, जवळजवळ पांढरा कुरव दिसला. अल्बिनो का?

बहुधा एक वर्षाचा, परत न गेलेला पक्षी. छोटे कुरव पहिल्या उन्हाळ्यात विणीला जात नाहीत, काही इथेच राहतात. त्यांच्या पंखांची पिसे पिल्लूपणीची, म्हणजे जवळपास वर्षभर ऊन खाल्लेली असतात. तपकिरी रंग उडून मळका पांढरा होतो. काळे भाग मात्र टिकतात, कारण काळ्या रंगद्रव्याने पीस मजबूत होते. पांढरे भाग आधी झिजतात. म्हणूनच एप्रिलमधल्या प्रौढांच्या प्रायमरींच्या पांढऱ्या टिकल्या झिजून गेलेल्या दिसतात.

खऱ्या रंगदोषाच्या पक्ष्यात काळे भागही फिकट असतात. पंखटोक तपासा.

१४. फोटो कसे काढू, म्हणजे ओळख पटेल?

उघड्या पंखाचा वरून एक, खालून एक, शेपटी पसरलेली एक आणि बाजूने बसलेला एक. एवढे मिळाले तर तीन चतुर्थांश काम झाले. ढगाळ सकाळ दुपारच्या उन्हापेक्षा चांगली, कारण पांढरे जळत नाही आणि करडे खरे राहते. शक्य तेव्हा शेजारी दुसरा कुरव चौकटीत ठेवा. आणि कॅमेऱ्याची तारीख बरोबर लावा. या पानावरचा निम्मा तर्क तारखेवर उभा आहे. मोबाइलवरून पाठवलेल्या फोटोत तारीख हरवते, म्हणून ती वेगळी लिहा.

१५. पीसगळ वहीत कशी लिहायची?

एका पंखाच्या दहा प्रायमरींना प्रत्येकी ० ते ५ गुण द्या. जुने पीस ०, नुकते गळलेले किंवा नुसता कोंब १, पूर्ण वाढलेले नवे ५, मधले टप्पे २, ३, ४. बेरीज ० म्हणजे पीसगळ सुरूच झाली नाही, ५० म्हणजे पूर्ण. ‘१० जानेवारी, प्रौढ, पाठ गडद, ४३’ अशी एक ओळ ‘मोठा कुरव, सुंदर’ या नोंदीपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

१६. गेटवे-मांडवा लाँचवर कुरव जवळ येतात. तिथे फोटो काढावेत का?

जरूर. पंख उघडे, अंतर कमी, शिवाय दोन्ही छोटे कुरव एकाच थव्यात: शिकायला याहून चांगली जागा नाही. गाठिया, शेव आणि चिप्स मात्र घरी ठेवा. तळलेले, खारट खाणे त्यांच्या पोटाचे नाही, आणि थवा तसाही लाँचमागे येतोच.

१७. पायात रंगीत किंवा धातूची कडी असलेला कुरव दिसला, तर?

कडीचा रंग, कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, आणि त्यावरची अक्षरे-आकडे जसेच्या तसे लिहून घ्या. सगळी अक्षरे वाचता आली नाहीत तर जेवढी वाचली तेवढीच लिहा, उरलेली अंदाजाने भरू नका. तारीख, ठिकाण आणि फोटोसह ही नोंद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवा. मोठ्या कुरवाची कडी वाचता आली तर तो कुठे घरट्यातून उठला हे कळते, आणि प्रश्न ९ मधला वाद त्या एका पक्ष्यापुरता तरी मिटतो.

१८. सगळे तपासूनही जात ठरत नसेल तर?

‘मोठा कुरव, जात अनिश्चित’ अशी नोंद करा. ईबर्डवर त्यासाठी पर्याय आहे. सोबत वय, पाठीचा रंग आणि पीसगळीचे गुण जोडा. फोटो पुसू नका, कारण दोन हंगाम गेल्यावर तोच पक्षी पुन्हा बघताना पंखटोकाकडे तुमचे लक्ष आधी जाते. मात्र घाईत ‘कॅस्पियन’ लिहून ठेवलेली नोंद नंतर सापडून दुरुस्त होईल, या भरवशावर राहू नका.